डीपीतला पिवळा रंग आणि प्रत्यक्षातली घरं: शहराच्या आराखड्यात घरांची जमीन ठरते कशी?

भागनकाशा

राज्यात बऱ्याच नगरपालिका-महापालिकांच्या सुधारित विकास योजना (डीपी) चालू आहेत. प्रारूप जाहीर झालं की गावभर एकच चर्चा: कोणाचा गट पिवळा, म्हणजे निवासी, झाला आणि कोणाचा हिरवाच, म्हणजे शेती, राहिला. पण पिवळं म्हणजे घर नव्हे. पिवळा रंग आणि घराची किल्ली यांच्यामधे रस्त्याची रुंदी, आरक्षण, मोजणी, पाणी अशी चार-पाच दारं आहेत आणि त्यातली बरीचशी डीपीतच बंद किंवा उघडी होतात. त्यासाठी हा धागा. मुंबईची नियमावली वेगळी आहे, म्हणून मुंबई सोडून बोलू.

आधी क्रम. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ हा मूळ कायदा. कलम २३ खाली नियोजन प्राधिकरण इरादा जाहीर करतं, कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण होतं (ज्याला सगळे ईएलयू म्हणतात), कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते, कलम २८ खाली हरकती-सूचना आणि नियोजन समितीसमोर सुनावणी, कलम ३० खाली योजना शासनाकडे, कलम ३१ खाली मंजुरी. बहुतेक लोक जागे होतात २६ ला. खरा खेळ २५ ला झालेला असतो, कारण ईएलयूवर जे चुकलं ते पुढच्या प्रत्येक नकाशात चुकतच जातं.

आता घरांचा हिशोब. समजा ३ लाख वस्तीचं शहर आहे. मागच्या जनगणनांवरून अंकगणिती, भूमितीय आणि वाढीव-वाढ अशा दोन-तीन पद्धतींनी पुढच्या वीस वर्षांचा अंदाज काढतात आणि त्यातला पटेल तो धरतात. समजा ४ लाख २० हजार आला. म्हणजे वाढ १ लाख २० हजार. ढोबळ निवासी घनता हेक्टरी २०० माणसं धरली तर ६०० हेक्टर नवीन निवासी जमीन हवी.

इथे पहिली गफलत. ६०० हेक्टरचा हिशोब आला की नकाशावर ९०० रंगवले जातात. कारण तसं गैर नसतं: पिवळ्यातली बरीच जमीन वीस वर्षांत बाजारात येतच नाही. वाटण्या, वाद, गुंतवणूक म्हणून धरून ठेवलेली, रस्ताच नसलेली. पण पिवळं पसरलं की जलवाहिनी आणि गटारही पसरतं. १ लाख २० हजार माणसांना दरडोई १३५ लिटरने रोज १६.२ दशलक्ष लिटर पाणी लागतं, १५ टक्के गळती धरली तर १९ च्या आसपास उचलावं लागतं. तेवढंच पाणी ६०० ऐवजी ९०० हेक्टरवर विखुरलेल्या घरांना द्यायचं म्हणजे नळाची लांबी वाढते आणि टोकाला दाब उरत नाही. नव्या भागात टँकर फिरण्यामागे दुष्काळापेक्षा हे कारण अनेकदा मोठं असतं.

उमाताई_नगररचना

हिशोब बरोबर, पण एक बाजू राहिली. घरांची गरज फक्त लोकसंख्या वाढल्यानेच वाढते असं नाही. कुटुंबं लहान होतात त्यानेही वाढते. तुमच्याच ३ लाखांच्या शहरात सरासरी कुटुंब ४.६ माणसांचं असेल तर ६५,२१७ घरं पुरतात. तेच ४.० वर आलं की ७५,००० लागतात. एकही माणूस न वाढता ९,७८३ घरं जास्त! अहवालाच्या घरांच्या प्रकरणात हा आकडा असतोच असं नाही. असला तरी तो जमिनीच्या हिशोबाला जोडलेला नसतो.

आणि ही घरं बाहेरच्या पिवळ्या पट्ट्यात लागत नाहीत. ती लागतात जुन्या वस्तीत, आईवडिलांच्या गल्लीच्या आसपास. तिथे नवीन जमीन नाही, म्हणजे पुनर्विकास. पुनर्विकास रस्त्याच्या रुंदीवर अडतो. ते कोणीतरी सविस्तर लिहा.

सेटबॅक

लिहितो. राज्याची बांधकामाची एकत्रीकृत नियमावली, म्हणजे आपली यूडीसीपीआर, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. महापालिका क्षेत्रात दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते) १.१०. त्यावर प्रीमियम भरून ०.५० आणि टीडीआर (दुसरीकडे दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क), दोन्ही रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. १००० चौरस मीटरचा एकच भूखंड वेगवेगळ्या रस्त्यांवर ठेवून बघा:

९ मीटरपेक्षा कमी रस्ता: प्रीमियम नाही, टीडीआर नाही. १.१० म्हणजे ११०० चौ. मी.
९ ते १२ च्या आत: एकूण २.०० पर्यंत, २००० चौ. मी.
१२ ते १५ च्या आत: २.२५, म्हणजे २२५०.
१५ ते २४ च्या आत: २.५०, म्हणजे २५००.
पुढे २४ ला २.७५ आणि ३० मीटरला ३.००.

या प्रत्येकावर निवासीसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र (जिने, गॅलऱ्या वगैरे), तेही प्रीमियम भरून. म्हणजे साडेसात मीटरच्या गल्लीत १७६० आणि दीड मीटर जास्त रुंद रस्त्यावर, नऊवर, ३२००. भूखंड तोच, माती तीच. सगळा फरक त्या दीड मीटरचा.

आता जुन्या सोसायट्यांचे अंतर्गत रस्ते आठवा. सहा मीटर, साडेसात मीटर. चाळीस वर्षं जुनी, वीस सदनिकांची इमारत: सध्याचंच बांधकाम १.१० च्या जवळ आहे. सभासदांना तेवढीच जागा परत देऊन विकायला काही उरत नाही, मग विकासक येईल कशाला? पुणे महापालिकेने २०२० मध्ये सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आणला तो याच गाठीसाठी. त्यावर वादही झाला: निवडक रस्तेच का, असा. तो आक्षेप रास्त होता. पण गाठ खरी आहे.

(नगरपालिका आणि नगरपंचायतींचे आकडे याहून कमी आहेत, वरचा तक्ता तिथे लावू नका.)

गुंठाभर

सेटबॅकसाहेब, एक शंका. सहाचा नऊ करायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. एक गुंठ्याच्या भूखंडाचं काय? १०१ चौरस मीटर, दर्शनी नऊ मीटर. त्यातून साडेतेरा चौरस मीटर गेले तर राहिलं काय?

सेटबॅक

गेलेल्या साडेतेराचा एफएसआय तुम्हाला त्याच भूखंडावर वापरता येतो, म्हणजे कागदावर बांधकाम कमी होत नाही. अडचण वेगळीच येते. साडेतेरा गेल्यावर खोली ११.२ वरून ९.७ मीटर होते, आणि पुढची-मागची सामासिक अंतरं (कडेने मोकळी ठेवायची जागा) सोडून उरलेल्या चौकोनात तो एफएसआय बसत नाही. जिना, शौचालयाचा डक्ट, दुचाकींची जागा टाकली की तिसऱ्या मजल्यावर एक खोली कशीबशी निघते. गुंठ्याच्या भूखंडांना रुंदीकरणाचा फायदा हवा असेल तर दोन-तीन भूखंड एकत्र करून नकाशा टाकणं हाच मार्ग. तिथे शेजाऱ्यांचं पटलं पाहिजे, त्याला नियमावलीत कलम नाही. :)

कलम_१२७

आरक्षणांकडे, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जमिनींकडे, वळतो, कारण घरांची जमीन सगळ्यात जास्त इथे अडकते.

बाग, मैदान, शाळा, दवाखाना, ‘बेघरांसाठी घरे’. आरक्षण टाकायला पेन्सिल लागते, घ्यायला पैसा. ४००० चौरस मीटरचं मैदान घ्या. रेडी रेकनर (जमिनीचा सरकारी दर) २०,००० रुपये चौरस मीटर धरला तर ८ कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने १०० टक्के दिलासा रक्कम धरून १६ कोटी, वर इतर देणी. मध्यम महापालिकेच्या भूसंपादनाच्या तरतुदीत अशी वर्षाला एक-दोन बसली तर बसली. योजनेत दोनशे आरक्षणं असतात.

म्हणून कलम १२६ मधे तीन वाटा आहेत: वाटाघाटीने, टीडीआर किंवा एफएसआय देऊन, आणि सक्तीचं संपादन. पालिकेला अर्थातच दुसरी आवडते. दाट वस्तीबाहेर दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर. ऐकायला छान. पण तो वापरताना सूत्र लागतं: प्रमाणपत्रावरचं क्षेत्र गुणिले जिथून निघाला तिथला रेडी रेकनर, भागिले जिथे वापरणार तिथला. ४००० चौ. मी. दिले, ८००० चं प्रमाणपत्र मिळालं. जमीन गावाच्या कडेला, दर १०,०००. वापर होणार मुख्य रस्त्यावर, दर ४०,०००. हातात येतात २०००. मालकाला वाटतं फसवलं; सूत्र आधी कोणी सांगितलेलं नसतं.

छोट्या शहरांत टीडीआरला गिऱ्हाईकच नसतं, ते वेगळंच. वर सेटबॅक यांनी दिलेला तक्ता बघा. टीडीआर चढवायला किमान नऊ मीटर रस्ता आणि उंच इमारतीला मागणी, दोन्ही लागतं. जिथे लोक तळमजला अधिक दोनच बांधतात तिथे मूळ १.१० सुद्धा संपत नाही. प्रमाणपत्र कपाटात.

मग मालक काय करतो? दहा वर्षं थांबतो आणि कलम १२७ ची खरेदी सूचना देतो. अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर सूचना दिल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलावी लागतात, नाहीतर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. (पूर्वी ६ महिने, मग १२, आता २४. जुने निकाल वाचताना हे लक्षात ठेवा.) ‘पावलं’ म्हणजे सभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र नव्हे, गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे.

सूचना कुठे चुकतात ते सांगतो. सातबारावर सहा नावं आणि सही एकाची. मालकीहक्काची कागदपत्रं जोडलेलीच नाहीत. सूचना जिल्हाधिकाऱ्यांना, नियोजन प्राधिकरणाला नाही. आणि सगळ्यात महाग चूक: दहा वर्षं झाली तरी सूचना न देता बसणं. दरम्यान सुधारित योजना मंजूर झाली, त्यात आरक्षण कायम राहिलं, तर दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तसा सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल आहे.

गुंठाभर

व्यपगत झालं की जमीन आपोआप निवासी?

कलम_१२७

आपोआप निवासी नाही. लगतच्या जमिनीला त्या योजनेत जो वापर अनुज्ञेय आहे, तो. शेजार पिवळा असेल तर पिवळा, शेजार शेती विभाग असेल तर शेती. शिवाय राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत बांधकाम परवानगीच्या टेबलावर फाईल हलत नाही, हा व्यवहार.

उमाताई_नगररचना

१२७ चं वर्णन अचूक, पण त्याकडे विजय म्हणून बघू नका. ‘बेघरांसाठी घरे’ हे आरक्षण व्यपगत झालं की त्या वॉर्डातली परवडणाऱ्या घरांची एकुलती एक जागा जाते आणि तिथे साडेतीन खोल्यांच्या सदनिका उभ्या राहतात. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे मालकानेच आरक्षण विकसित करून ठरलेला हिस्सा पालिकेला बांधून द्यायचा आणि उरलेल्यावर स्वतःचं बांधकाम करायचं. हिस्सा आरक्षणाच्या प्रकारावर अवलंबून असतो, नियमावलीच्या अकराव्या प्रकरणात बघा. मंडई किंवा दवाखान्याला हे जमतं. मैदानाला नाही, मैदानाचा पन्नास टक्के म्हणजे पार्किंग.

भागनकाशा

परवडणाऱ्या घरांचं निघालंच आहे तर सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूदही नोंदवतो. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा जास्त भूखंडावर प्रकल्प असेल तर मूळ एफएसआयच्या २० टक्के इतकं बांधकाम ३० ते ५० चौरस मीटरच्या लहान सदनिकांत करायचं. म्हाडाच्या सोडतीतून ती विकली जातात. ५००० चौ. मी. निव्वळ भूखंड धरा: ५५०० चा २० टक्के म्हणजे ११००, सरासरी ४० ची सदनिका धरली तर २७ घरं.

आता अर्थातच भूखंड ३९५० चा निघतो. दोन गट, दोन नावं, दोन नकाशे, मधे एक कुंपण. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली की कुंपण जातं. पकडायचं असेल तर सातबाऱ्याचा फेरफार बघा. सुरुवातीच्या परवानगीच्या वर्ष-दोन वर्षं आधी एकाच गटाची फोड झालेली दिसते, आणि दोन्ही अभिन्यासांना (लेआउटना) प्रवेश एकाच रस्त्यावरून.

पंचगंगाकाठ

तुमच्या चर्चेत हद्दीचा मुद्दा आलाच नाही. आराखडा हद्दीपुरता असतो, घरं हद्द बघून होत नाहीत. कोल्हापूर घ्या. महापालिका १९७२ ची, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, २०११ ची लोकसंख्या ५,४९,२३६. कित्येक दशकं हद्दवाढ झाली नाही. गावांचा विरोध, घरपट्टीची भीती, शेती जाईल ही भीती. शेवटी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं क्षेत्र विकास प्राधिकरण. दरम्यानच्या काळात शहराला लागून असलेल्या गावांत जे उभं राहिलं ते ग्रामपंचायतीच्या दाखल्यांवर. तिथे आता डीपी रोड आखायचा तर तो कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून जातो.

दुसरं म्हणजे पूररेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधे चालतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर हवं. २०१९ आणि २०२१ नंतर कोल्हापूर-सांगलीकडे हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

गोची कशी होते बघा. नकाशावर लाल रेषा ही रेषा असते, पण नियम पातळीचा आहे. जलसंपदा विभागाकडून तिथली पूरपातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये घ्यायची, जवळच्या तलचिन्हावरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) ती आपल्या भूखंडावर आणायची आणि मग जोतं ठरवायचं. त्याऐवजी रस्त्यापासून साडेचार फूट वर घेऊ, असं अंदाजपंचे ठरतं. जोतं वर, आणि भूखंडापर्यंतचा रस्ता खालीच. पूर आल्यावर घर कोरडं आणि माणसं गच्चीवर अडकलेली. वर प्रत्येकाने भराव टाकला की पाणी शेजारच्या जुन्या घरात. भराव टाकून जोतं उंच करण्यापेक्षा खांबांवर उचललेली इमारत आणि खाली रिकामी पार्किंग हे पाण्याच्या दृष्टीने बरं, पण अभिन्यास मंजूर करताना आख्ख्या पट्ट्याचा उतार कोणी बघत नाही.

मोजणीदार

सगळ्यांचं वाचलं. हद्दीबाहेरच्या या पसाऱ्यावर नगररचना योजना हा जुना आणि अजूनही सगळ्यात नीट उपाय आहे, फक्त आपल्याकडे तो विसरला गेला. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत आहे. पार्ले, सांताक्रूझ, बोरिवली किंवा पुण्यात भांबुर्डे, म्हणजे आजचं शिवाजीनगर, इथल्या जुन्या दस्तांत ‘अंतिम भूखंड क्रमांक’ दिसतो तो त्याचाच. गुजरातने ती सोडली नाही. अहमदाबादचा बराचसा विस्तार याच मार्गाने झाला.

तत्त्व सोपं. शंभर-दीडशे हेक्टरचा पट्टा घ्या. सगळे गट, वाकडेतिकडे, एकत्र धरा. रस्ते, बागा, शाळा, दुर्बल घटकांच्या घरांसाठी जागा काढा आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या वाट्याने, चौकोनी आणि रस्त्याला लागून, परत द्या. ४० गुंठे देऊन समजा २० गुंठे परत मिळाले, तर शेतकऱ्याला वाटतं अर्धी गेली. पण आधी पाणंदीवरून बैलगाडीची वाट होती, आता बारा मीटर रस्ता. भूसंपादनाचा पैसाही लागत नाही. योजनेचा खर्च किमतीत झालेल्या वाढीतून, जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत, अंशदान म्हणून घेता येतो.

अडते कुठे? मोजणीत. मूळ भूखंडाचं क्षेत्र कुठलं धरायचं: सातबाऱ्यावरचं की जागेवरचं? सातबारा म्हणतो एक हेक्टर वीस आर, मोजणी म्हणते एक हेक्टर तेरा. भावाभावांत तोंडी वाटप, ताब्याप्रमाणे बांध, पण फाळणी नकाशात काहीच नाही. गट नकाशे एकमेकांना जोडले की दोन गावांच्या शिवेवर फट तरी राहते नाहीतर चढ तरी होतो. लवाद प्रत्येक हिश्शाचं ऐकत बसतो, आणि त्याचं ऐकून होईपर्यंत त्याच पट्ट्यात गुंठ्यागुंठ्याची खरेदीखतं होत राहतात. इरादा जाहीर होण्याआधी सगळ्या पट्ट्याची एकत्र मोजणी आणि हिश्श्यांची फाळणी उरकली, तर या भानगडीतली निम्मी सुरूच होणार नाही. तेवढा वेळ द्यायची तयारी नसते, कारण जाहीर करायची घाई असते.

गुंठाभर

आता हरकतीचं सांगा कोणीतरी. प्रारूप प्रसिद्ध झालं तर सामान्य माणसाने काय लिहायचं? आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानात छापील नमुना मिळतो, नाव-गट भरायचा आणि सही.

उमाताई_नगररचना

त्या छापील नमुन्याचा फक्त आकडा वाढतो. ‘अमुक हजार हरकती आल्या’ या बातमीसाठी उपयोगी. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेतले जास्तीत जास्त चार जाणकार असतात (लोकनियुक्त सभागृह नसेल तेव्हा प्रशासक). एकेका हरकतीला त्यांच्याकडे काही मिनिटं असतात. ‘मी गरीब शेतकरी आहे, माझी जमीन वगळावी’ यावर काय निर्णय द्यायचा? खरं असलं तरी नकाशावर त्याचं काही करता येत नाही.

चालणारी हरकत अशी असते:

“मौजे अमुक, गट क्र. ११४/२, प्रारूप आरक्षण क्र. ४७, खेळाचे मैदान, बाधित क्षेत्र अंदाजे १८०० चौ. मी. सदर गटाचा अभिन्यास दि. … रोजी क्र. … अन्वये मंजूर असून विद्यमान जमीन वापर नकाशात तो मोकळी जमीन दाखवला आहे. अभिन्यासातील नऊपैकी सहा भूखंडांवर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली घरे आहेत. त्याच विभागात ३०० मीटरवर गट क्र. १२० ही मोकळी जमीन उपलब्ध आहे.”

सोबत सातबारा, मोजणी नकाशा, मंजूर अभिन्यासाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्रं आणि भाग नकाशावर लाल शाईने दाखवलेली जागा. चार पानांत संपलं. यात तीन गोष्टी आहेत: कागदोपत्री चूक, वस्तुस्थिती आणि पर्याय. पर्याय दिल्यामुळे आरक्षणाचं क्षेत्र कमी होत नाही, म्हणून समितीला ‘हो’ म्हणणं सोपं जातं. शेजाऱ्याची जमीन पर्याय म्हणून दाखवल्यावर दिवाळीचा फराळ बंद होतो, ते मात्र धरून चाला.

मुदत नोटिशीत छापलेली असते, तीच धरा. वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. सुनावणीला बोलावणं येतं, तेव्हा मालकाने स्वतः जावं आणि तोंडी नवीन मुद्दा काढू नये.

कलम_१२७

ताईंना एक पुरवणी. मंजुरी झाली म्हणजे संपलं, असं नसतं. शासन मंजूर करताना काही भाग बदलतं आणि काही भाग वगळून ठेवतं. अधिसूचनेच्या अनुसूचीत एसएम (बदललेला भाग) आणि ईपी असे क्रमांक दिसतील. ईपी म्हणजे वगळलेला भाग: तिथे शासनाने नवीन बदल सुचवले आहेत आणि त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. शहराची डीपी मंजूर झाल्याची बातमी वाचून लोक पेढे वाटतात आणि आपला गट ईपी-३१ मध्ये आहे हे परवानगीला गेल्यावर कळतं. दोन नकाशे मागून घ्या, मंजूर आणि ईपी.

आणि प्रारूप व मंजुरी यांच्या मधल्या काळात बांधकाम परवानगीला जाताना जुनी मंजूर योजना आणि नवी प्रारूप, दोन्हींत बसेल तेवढंच मिळतं. जुन्यात पिवळं आणि नव्यात मैदान असेल तर फाईल थांबते.

गुंठाभर

शेवटची शंका. एखाद्याने भूखंड घेताना झोन दाखला घेतला. त्यात लिहिलंय ‘अंशतः निवासी, अंशतः १८ मीटर रुंद विकास योजना रस्त्याने बाधित’. ‘अंशतः’ म्हणजे किती?

मोजणीदार

दाखल्यावरून ते कधीच कळत नाही. दाखला गटापुरता असतो, तुमच्या भूखंडापुरता नाही. गट दोन हेक्टरचा, तुमचा भूखंड त्यातला पाच गुंठ्यांचा. बाधा दुसऱ्या टोकाला असेल किंवा नेमकी तुमच्या दारात.

भाग नकाशाची प्रत घ्या, पण तीही पट्टीने मोजत बसू नका. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जागेवर अडीच मीटर. रस्त्याच्या दोन कडांच्या दोन रेघा, म्हणजे पाच मीटरचा गोंधळ नुसत्या शाईचा. त्यात खालचा गट नकाशा जुन्या कागदी नकाशावरून स्कॅन केलेला असेल तर कागद आकसल्याची चूक वेगळी.

क्रम असा ठेवा. आधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी, खुणा दगडाच्या, चुन्याच्या नव्हे. मग पालिकेच्या नगररचना विभागाकडे रस्त्याच्या आखणीच्या सीमांकनासाठी अर्ज. त्यांचा सर्व्हेअर मध्यरेषा जागेवर दाखवतो आणि दोन्हींचा एकत्र नकाशा सही-शिक्क्याने मिळतो. त्यावर बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. साठेखत त्या आकड्यावर करा. विकणारा म्हणाला की ‘रस्ता पलीकडून जातो, सगळ्यांना माहितीय’, तर तेच वाक्य त्याला साठेखतात लिहून द्यायला सांगा.

गुंठाभर

सांगितलं असतं, पण खरेदीखत मागच्याच महिन्यात झालंय म्हणे त्यांचं. सीमांकनाचा अर्ज आता करून चालेल ना?

मोजणीदार

चालेल, मालक म्हणून त्यांच्याच नावाने करा. फेरफार मंजूर झालेला सातबारा जोडा, नाहीतर अर्ज परत येतो. बाधित क्षेत्र निघालंच तर ते पालिकेला देऊन त्याचा एफएसआय त्याच भूखंडावर मागता येईल. अर्ज आत्ताच करा, जोत्याची खणती झाल्यावर नाही.